जोडचाकांमधली फट

अवजारं अजून माणसांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. गयाबाईचा ट्रॅक्टर काळ्या रानात सारखा रुतायचा, म्हणून तिने मागच्या चाकांना जोडीची चाकं आणली. उजवीकडच्या जुन्या चाकाला फार आनंद झाला. इतकी वर्षं त्याने एकट्याने भार ओढला होता.

"चिकटून बसवू, की मधे लोखंडी कडं घालून फट ठेवू?" रऊफ मिस्त्रीने विचारलं.

"चिकटूनच!" जुनं चाक म्हणालं. "सोबत म्हटल्यावर अंतर कशाला?"

मिस्त्रीने तसंच बसवलं. पण रानात उतरताच दोघांमधे चिखल अडकून घट्ट झाला, टायरला टायर घासून दोघांची कूस सोलवटली. ट्रॅक्टर जागीच थांबला.

"किती घासतंस मला!" जुनं चाक चिडलं.

"तूच तर जवळ ओढलंस," नवं कळवळलं.

गयाबाई खुरप्याने चिखल काढत राहिली. तेव्हा जुनं चाक हळूच म्हणालं, "बाई, मधे कडं घाला."

नवं हिरमुसलं. "आता मी नको का तुला?"

"हवंस, म्हणूनच."

कडं बसलं. आता चिखल मधे शिरायचा आणि आपसूक गळून पडायचा. ट्रॅक्टर बांधाला लागला, तेव्हा त्या दोघांच्या मागे दोन चाकोऱ्या शेजारी शेजारी उमटल्या होत्या, आणि त्यांच्या मधली माती मोकळी होती.