भरदार कास

जनावरं माणसांना तोंडावर सुनावत, त्या काळातली ही गोष्ट. युवक मंडळातल्या हौसाने चांदणी गाय लहानाची मोठी केली होती. जनावरांच्या प्रदर्शनात कास भरदार दिसावी म्हणून तिने आदल्या संध्याकाळपासून धार काढली नाही, वासरालाही पिऊ दिलं नाही.

मैदानात चांदणीची कास तटतटून ठणकत होती. पलीकडे खुंट्याला बांधलेलं वासरू हंबरत होतं.

"काय कास आहे!" म्हणत परीक्षकांनी पहिल्या नंबराचा पट्टा हौसाच्या हातात दिला. ती तो बांधायला वाकली, तशी चांदणीने मान झटकली.

"कास कसली? माझ्या लेकराची भूक आहे ती! हौसे, ज्याला उपाशी ठेवून हा पट्टा मिळवलास, त्याच्याच गळ्यात बांध. आणि बांधताना त्याच्या नजरेला नजर देऊन दाखव!"