निळीच्या रांजणाची वाटणी

फार मागे, जेव्हा राजाचं निशाणही निळीत बुडवून रंगवत, तेव्हा एका नदीकाठी रंगाऱ्यांचं गाव होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या निळीला तोड नव्हती. त्याच्या घरामागच्या खोपीत निळीचा मोठा रांजण होता, आणि पणजोबाच्या काळापासून तो कधी रिकामा झाला नव्हता.

निळीचा रांजण म्हणजे नुसतं रंगाचं पाणी नव्हे. ते आंबवण असतं, आणि आंबवण जिवंत असतं. त्याला रोज ढवळायचं, कोंडा आणि गूळ घालायचा, चुना बेताने द्यायचा, ऊब राखायची. थोडी हयगय झाली की ते सडतं, आणि मग कितीही डोकं आपटलं तरी कापड मातकटच निघतं.

म्हातारा अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने पंचांना बोलावलं. दोन्ही मुलगे समोर बसले होते, पण त्याने हाक मारली ती थोरल्या बहिणीला. ती विधवा होती आणि भावाच्याच घरी राहत होती.

"ताई, माझ्यामागे वाटणी तू कर," तो म्हणाला. "दोघांनाही आपापलं पोट भरता आलं पाहिजे, एवढं बघ."

"बघते," ती म्हणाली. "तू आधी दोन घोट पाणी पी."

एवढ्या मोठ्या कामाला तिने असा होकार दिला, आणि तो शेवटपर्यंत निभावला.

म्हातारा गेला. घर, मळा, बैल यांचं काही अवघड नव्हतं. अडलं ते रांजणापाशी. गावची रीत अशी होती, की धन्यामागे जो रांजण ढवळेल त्याचा तो रांजण. म्हणून थोरला धाकट्याला खोपीत जाऊ देईना आणि धाकटा थोरल्याला. दोघे दाराच्या दोन बाजूंना घोंगडी टाकून बसले.

"अरे, आत ते मरतंय," आत्या म्हणाली.

"मरू दे," थोरला म्हणाला. "याला मिळण्यापेक्षा मेलेलं बरं."

धाकट्यानेही मान हलवली. बाप गेल्यापासून भावांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

आत्या विचारात पडली. आपण ढवळावं, तर रीतीने रांजण आपला होणार. लोक म्हणतील, वाटणी करायला बसवली आणि हिनेच घास गिळला. भावाच्या घरी तिने सारी हयात काढली होती, पण कुणाच्या चिमूटभर मिठालाही तिचा हात लागला नव्हता. ते चांगलं नाव सोडलं तर तिच्यापाशी दुसरं होतं काय? पण दाराच्या फटीतून आंबूस वास येऊ लागला होता, आणि तिने भावाला 'बघते' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गावात बाजार भरलेला असताना, तिने पदर खोचला आणि ती दोघांच्या मधून चालत गेली. आत्याला ढकलायची दोघांपैकी एकाचीही छाती झाली नाही.

"आत्या, चोरी करतेस?" थोरला ओरडला.

"चोरी करायची असती तर रात्री आले असते," ती म्हणाली, आणि दार सताड उघडं ठेवून ढवळू लागली.

मग गावाच्या जिभेला हाड राहिलं नाही. पाणवठ्यावर बायका तिला पाहून घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. तिला ते फार लागलं. ढवळता ढवळता ती कधी कधी रडायचीही. पण तिने एक दिवस चुकवला नाही, आणि कोपरापर्यंत निळे झालेले हात कधी पदराखाली घेतले नाहीत.

दिवसकार्य आटोपलं आणि पंच आले. मुख्य पंचाने रांजणात एक फडका बुडवून वर काढला. तो हिरवा निघाला आणि वारा लागताच बघता बघता गर्द निळा झाला.

"रांजण जिवंत आहे," पंच म्हणाले. "आणि बाई, रीतीप्रमाणे तो तुमचा."

भावांचे चेहरे उतरले.

"माझा, हे सगळ्यांना मान्य आहे ना?" तिने विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "मग त्याचं काय करायचं, ते मी ठरवीन."

तिने कुंभाराकडून एक नवा रांजण आणवला होता. जुन्यातलं अर्धं आंबवण, खालच्या गाळासकट, तिने त्यात ओतलं आणि दोन्हींत ऊन पाणी, चुना, कोंडा, गूळ घातला.

"शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही," ती म्हणाली. "पण ते जिवंत असलं तरच. मेलेल्याची वाटणी केली असती, तर दोघांच्या वाट्याला घाणच आली असती. थोरल्या, हा तुझा. धाकट्या, हा तुझा."

"आणि तुझा वाटा?" धाकट्याने खालच्या आवाजात विचारलं.

"मला कुठे कापडं रंगवायची आहेत? दोन्ही घरी जेवायला बोलवत जा."

थोरल्याने तिचे पाय धरले.

दोन्ही रांजणांतलं आंबवण जगलं आणि दोन्ही घरं पोटभर जेवली. पंचांनी जुनी रीत त्याच दिवशी मोडली. तेव्हापासून त्या गावात कुणी गेलं, की आधी त्याचं मागे राहिलेलं जगवणारं माणूस नेमत, आणि मगच वाटणीचा विषय काढत.

मागे राहिलेलं जो लोभ न धरता आधी जगवतो, त्यालाच ते वाटण्याचा अधिकार असतो.