तांबं पडलं आणि सोनं कोसळलं

सात टेकड्यांपलीकडच्या एका रानात अस्वलाचं राज्य होतं. प्रजा सुखी होती, कारण तसा हुकूम होता.

त्या रानात साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. महाराजांच्या नव्या तलावात तिचं कंदांचं शेत बुडालं होतं. माळावर दुसरी जागा घ्यावी म्हणून सात वर्षं तिने नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेचले आणि सरकारी सोने फंडात ठेवले. भिंतीपलीकडे तांबे फंड होता. तिथे हौशी जनावरं नशीब अजमावायची. साळूबाई तिकडे फिरकलीही नाही. दोन्ही फंड मुंगूसच सांभाळायचा. दारावर पाटी होती : ‘दोन फंड, दोन वाटा, याचा त्याला नाही तोटा!’

एकदा पोपटाने बातमी आणली, नदीपलीकडे तांब्याचा अख्खा डोंगर सापडलाय. दुपारपर्यंत तांब्याचा भाव निम्म्यावर आला. तांबेवाले आपापला वाटा मागत धावले. मुंगसाकडे द्यायला काही नव्हतं. त्याने तांबे फंडाने अडीअडचणीला घेऊन ठेवलेलं सोनं बाजारात ओतलं. सोन्याचा भाव घसरला. ते पाहून सोनेवाले धावले, तसा तो आणखी घसरला.

साळूबाई पोचली तेव्हा तिच्या सोन्यात माळाचा बांधही येत नव्हता.

“अहो मुंगूसराव, मी तांब्याला हातसुद्धा लावला नव्हता!”

“तुम्ही नाही, बाई. तांबे फंडाने सोन्याला लावला.”

“मधे भिंत होती ना?”

“आहे की. फक्त तिला दार आहे.”

साळूबाईचे काटे उभे राहिले.

निवडणूक आठ दिवसांवर होती. महाराजांनी सभा बोलावली.

“प्रजाजनहो! विरोधक म्हणतात, भाव खाली आले. साफ खोटं! भाव जागेवरच आहेत, आपलं रान वर गेलंय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘पडणे’ या शब्दावर बंदी आली; यापुढे ‘स्थिरावणे’ म्हणायचं. त्याच सभेत एक माकड फांदीवरून स्थिरावलं आणि त्याचा पाय मोडला.

साळूबाई उभी राहिली. “महाराज, माझी सात वर्षं?”

“स्थिरावली!” महाराज म्हणाले. पुन्हा टाळ्या.

ती खाली बसली. शेजारचा म्हातारा ससा मान खाली घालून टाळ्या वाजवत होता.

“तुमचं किती गेलं?” तिने हळूच विचारलं.

“सगळं.”

“मग टाळ्या कशाला वाजवताय?”

“हात अजून माझेच आहेत,” ससा म्हणाला, “हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून.”