साळुंकीला डिझेल इंजिन बसलं

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात आवडाबाय नावाची एक होडीवाली राहायची. तोंडानं फटकळ, हातानं कामसू. तिच्या होडीचं नाव साळुंकी. साळुंकी जुनी, सागवानी, शिडाची. वारा असला की शीड टरारून फुगायचं आणि होडी अशी सरसर निघायची की पैलतीरावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. वारा पडला की मात्र पंचाईत. तेवढ्यासाठी आवडाबायच्या सासऱ्यानं फार पूर्वी होडीत पेट्रोलचं एक इंजिन बसवून घेतलं होतं.

ते इंजिन म्हणजे रुसलेला जावई. दोरी ओढून ओढून आवडाबायच्या नवऱ्याचा, भिवाचा, खांदा निखळायची वेळ यायची, तेव्हा कुठं ते एकदा खोकायचं. पैलतीरी बाजाराला निघालेल्या बायका भर खाडीत अडकायच्या आणि टोपलीतली मासळी उन्हात नासायची. त्यात पुन्हा ते पेट्रोल. त्याची वाफ जड. ती वर उडून जात नाही, होडीच्या पोटात जाऊन बसते आणि ठिणगीची वाट बघते. म्हणून साळुंकीवर विस्तवाला बंदी होती. बिडी नाही, स्टोव्ह नाही, देवापुढचा दिवासुद्धा नाही.

आवडाबायला सगळं सोसलं असतं, पण ते दिव्याचं सोसत नव्हतं. नारळी पौर्णिमेला गावातल्या सगळ्या होड्या रंगवून, पताका लावून धक्क्याला ओळीनं उभ्या राहायच्या. प्रत्येक होडीवर त्या घरची बाई कापूर पेटवून दर्याची आरती करायची, नारळ सोडायची, आणि मगच होडी हलायची. बाकीच्यांकडे डिझेल इंजिनं होती. डिझेल असं चटकन पेट घेत नाही, त्यामुळे त्यांना भीती नव्हती. एकटी आवडाबाय धक्क्यावर उभी राहून लांबूनच ताट ओवाळायची. शेजारच्या होडीवरून म्हादबा नाखवा दरसाल तिची कळ काढायचा.

"काय गो आवडे, दर्याला लांबूनच हात हलवतेस? मुंबईला चाललाय काय तो?"

सगळा धक्का हसायचा. आवडाबाय त्याला दोन शिव्या हासडायची. पण घरी गेल्यावर तिला जेवण गोड लागायचं नाही.

शेवटी पोटाला चिमटा घेऊन घेऊन तिनं डिझेल इंजिन आणलंच. ज्या दिवशी ते बैलगाडीतून उतरलं त्या दिवशी गावात जत्रा लोटली. निळं, चकचकीत, म्हशीच्या रेडकाएवढं. आवडाबायनं त्याला कुंकू लावलं, त्याची दृष्ट काढली आणि जो जो हात लावायला आला त्याच्या हातावर चापट मारली. बंदरावरच्या रशीद मिस्त्रींनी जुनं इंजिन उपसून बाहेर काढलं. नवं इंजिन फार जड, त्याचे हिसके दांडगे. जुन्या बैठकीला ते पेलणार नव्हतं. म्हणून मिस्त्रींनी ऐनाच्या लाकडाच्या जाड तुळया घालून नवी बैठक केली, पाण्यातल्या पंख्याचा दांडा बदलला, सगळं एका रेषेत आणलं. मग भिवानं हँडल फिरवलं. एकदा, दोनदा, आणि धड् धड् धड् धड्! खाडीकाठचे बगळे उडाले. भिवा तर वेड्यासारखा नाचायलाच लागला.

"ऐकलंस गो? ऐकलंस?"

"बहिरी नाही मी," आवडाबाय म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते.

हत्यारं आवरताना मिस्त्री म्हणाले, "आवडाबाय, माझं काम झालं. आता ती पेट्रोलची जुनी टाकी पुढच्या फळ्यांखाली आहे, ती काढून टाका. तळ धुवा, फळ्या उघड्या टाकून उन्हावाऱ्यात सुकू द्या. तोवर आत काडी ओढायची नाही."

"कळतं मला. पेट्रोलसंगती जन्म गेला माझा."

कळत होतंच तिला. पण पौर्णिमा तोंडावर आली होती. पुढच्या फळ्यांना तिनं स्वतः हिरवा रंग दिला होता, वर पांढरी वेल काढली होती. टाकी काढायची म्हणजे त्या फळ्या उचकटायच्या. रंग जाणार, वेल फुटणार, आणि पौर्णिमेला होडी पोट उघडं टाकून उभी राहणार. तिनं टाकीची तोटी सोडून आलं तेवढं पेट्रोल काढून घेतलं. टाकीतून जुन्या इंजिनाकडं जाणारी नळी कापलेली होती, तिच्या तोंडात चिंधी कोंबली. वरून दोन बादल्या पाणी मारलं. बाकीचं सणानंतर बघू, म्हणाली. आणि धक्क्यावर कुणी विचारलं की ठणकावून सांगायची, "टाकी काढली. तळ घासून आरशासारखा केला. या, तोंड बघा त्यात!"

पौर्णिमेचा दिवस उजाडला. काय ते ऊन, काय तो वारा! दुपारपासून धक्क्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. ढोल वाजत होते. पोरांनी पिपाण्या फुंकून कान किटवले होते. पताका नुसत्या फडफडत होत्या. आणि ज्याला त्याला साळुंकीवरच चढायचं होतं. बायका नऊवार सावरत आल्या, पोरं उड्या मारत आली, म्हाताऱ्या टेकत टेकत आल्या. होडी भरली, जड झाली, हेलकावे खायला लागली. भिवा हँडलला हात घालून तयार. अगदी शेजारी, दोर बांधून, म्हादबा नाखव्याची होडी. तिच्यावर आरतीची निरांजनं पेटलेली.

आवडाबाय पुढच्या टोकाला उभी होती. नवं जरीचं लुगडं, नाकात नथ, एका हातात ताट. ताटात कापराचा ढीग. दुसऱ्या हातात काडेपेटी. किती वर्षं या घडीची वाट बघितली होती तिनं! छाती अशी धडधडत होती की इंजिन आधीच चालू झालंय असं वाटावं.

"लाव आता!" बायका ओरडल्या.

तिनं काडी बाहेर काढली. ओढणार, तोच नाकाला वास आला.

ओळखीचा वास. फळ्यांच्या फटींतून वर येणारा, जड, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा. होडी माणसांनी हेलकावली होती. टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल हललं होतं. चिंधी सुटली होती. आवडाबायला न बघता कळलं.

तिच्या मनानं लगेच वकिली सुरू केली. जुन्या लाकडात मुरलेला वास आहे. एवढ्या वाऱ्यात काय होतंय? एक काडी, एक आरती, झालं. सगळं गाव बघतंय. म्हादबा बघतोय.

म्हादबा खरंच बघत होता. "काय गो आवडे, डिझेल आणलंस तरी भीती गेली नाही वाटतं? देऊ का माझं निरांजन?" असं म्हणून त्यानं जळतं निरांजन हातात घेऊन पुढं केलं. दोन होड्यांच्या मधे हातभरही अंतर नव्हतं.

आवडाबायनं काडेपेटी खाडीत भिरकावली.

"उतरा! सगळेजण उतरा खाली!"

कुणी हललं नाही. लोकांना वाटलं, थट्टा करते आहे. तिनं सबब पुढं केली. "होडी जास्त भरलीय, बुडेल!"

"बुडली तर पोहू!" पोरं खिदळली.

"मग मला चक्कर येतेय. आरती मागाहून करू."

"खाली बस गो, पाणी पी!" म्हाताऱ्या म्हणाल्या आणि ढोल आणखी जोरात वाजायला लागले. मघाशी होडीत चढायला कचरणारी एक बाई तर पोराला घेऊन आणखी आत सरकली. भिवा हँडल सोडून म्हणाला, "अगो, झालंय काय तुला?"

तेव्हा आवडाबायनं हातातलं ताट पायाशी ठेवलं. आयुष्यात कधी आवाज चढवायला ती लाजली नव्हती. पण या खेपेला तिनं आधी म्हादबाकडं, मग धक्क्यावरच्या गर्दीकडं बघितलं.

"टाकी काढलीच नाही मी!" ती ओरडली. "खोटं बोलले तुमच्याशी. रंग खराब होईल म्हणून टाकी आतच ठेवली. तुमच्या पायाखाली पेट्रोल आहे. म्हादबा, ते निरांजन विझव आणि दोर तोड! पोरं आधी उतरवा, पोरं!"

ढोल थांबले. पिपाणी वाजवणाऱ्या पोराचे गाल फुगलेले तसेच राहिले. आणि मग सगळी होडी एकदम जागी झाली. बायांनी पोरं उचलून धक्क्यावर दिली. भिवानं म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन उतरवलं. म्हादबानं निरांजन पाण्यात बुडवलं, कोयत्यानं दोर तोडला आणि वल्हं मारून होडी लांब नेली. सबब ऐकून कुणी जागचं हललं नव्हतं. खरं ऐकलं आणि साळुंकी रिकामी झाली.

मग आवडाबायनं पहार घेतली. हिरव्या फळ्या, पांढरी वेल, सगळं तिनं स्वतःच्या हातानं उचकटलं. फळी निघाली तसा वासाचा भपकारा वर आला आणि धक्क्यावरची माणसं नाकाला पदर लावून मागं सरली. तळातल्या पाण्यावर पेट्रोलचा सप्तरंगी पापुद्रा पसरला होता. बघणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या बाया मघाशी त्याच फळ्यांवर पोरं घेऊन बसल्या होत्या त्यांनी आवडाबायला जे काही ऐकवलं ते तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. गावानं तिला अशी गप्प पहिल्यांदाच बघितली.

"बोलून झालं असेल तर गोणपाटं द्या," शेवटी ती म्हणाली. "टिपून घ्यायला हवं. खाडीत सोडायचं नाही एक थेंबही. त्यात पोरं पोहतात."

गोणपाटं आली. डबे आले. शिव्या देणाऱ्या बायाच कासोटे घट्ट करून होडीत उतरल्या. टाकी निघाली, तळ घासून निघाला, फळ्या खडकावर वाळत पडल्या. त्या वर्षी बाकीच्या होड्या निघून गेल्या आणि साळुंकी धक्क्यालाच राहिली, पोट उघडं टाकून.

संध्याकाळी होड्या परतल्या तेव्हा म्हादबा नाखवा नांगर टाकूनही आपल्या होडीतून उतरला नाही. मग त्यानं गुपचूप मागची फळी उचलली. आत त्याची गॅसची शेगडी होती. तिची नळी उंदरानं कुरतडलेली, आणि त्यावर त्यानं नुसती दोरी गुंडाळलेली. ती नळी उपटून, वर धरून तो धक्क्यावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आवडे, तू बोललीस म्हणून हे दाखवतोय. मी नसतो बोललो." पलीकडच्या होडीतूनही फळी उचलल्याचा आवाज आला. मग त्याच्या पलीकडून. त्या संध्याकाळी धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांची पोटं उघडी पडली.

साळुंकी पुरती सुकली, आणि पुढच्या भरतीला निघाली. रंग नाही, पताका नाहीत. तरी माणसं चढलीच, आणि चढण्याआधी प्रत्येकानं वाकून तळ बघितला. आवडाबायनं बघू दिला, आणि मग पुढच्या टोकाला उभी राहून कापूर पेटवून दर्याची आरती केली. भिवानं हँडल मारलं. धड् धड् धड्! वर शीड भरलं, खाली पंखा फिरला, आणि जुनी होडी लाटा फोडत अशी सुटली की पोरांच्या किंकाळ्या पैलतीरापर्यंत ऐकू गेल्या.

तात्पर्य: नवं आणून भागत नाही, जुन्यातलं जे जाळणारं आहे ते मुळासकट बाहेर काढावं लागतं. आणि चूक लपवायला शंभर सबबी सांगितल्या तरी माणसं वाचत नाहीत. ती वाचतात वेळेवर बोललेल्या एका खऱ्या शब्दानं, मग तो बोलताना आपली कितीही शोभा होवो.