थोरलीचं खुराडं आणि ओव्याचा पाला

टेकडीखालच्या एका वाडीत चंद्रभागा आणि हौसा या दोघी जावा कोंबड्या पाळत. खुराडी शेजारीशेजारी, अंगण एकच. धाकट्या हौसेला पहिली कोंबडी थोरल्या चंद्रभागेनेच दिली होती. पुढे हौसेच्या पाट्या अंड्यांनी भरू लागल्या, तशी ती दिलेली कोंबडी चंद्रभागेला सलू लागली.

एकदा गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी हौसेच्या कोंबड्यांचं कौतुक केलं. झालं. चंद्रभागा तडक घरात गेली आणि उगाच भांडी आपटत बसली. डॉक्टर बाहेर बराच वेळ बोलत होते. त्यातलं तिच्या कानावर एवढंच पडलं, "ओव्याचा पाला, पाण्यात."

हौसेने दाराशी पानओव्याचं रोप लावलं. रोज सकाळी थोडी पानं ठेचून ती कोंबड्यांच्या पाण्यात घाली.

"आक्का, तुमीबी न्या की पानं," ती म्हणायची.

"माझ्या कोंबड्यांना तुझ्या पाल्याची गरज न्हाई."

खरं तर चंद्रभागेला पानं हवी होती. हौसेच्या हातून नको होती, एवढंच.

पावसाळा सरता सरता रोग आला. चंद्रभागेच्या कोंबड्यांना हगवण लागली, त्या पंख पाडून बसल्या. आता तरी विचारायचं की नाही? पण हौसा पाण्याला गेलेली बघून तिने अख्खं रोप ओरबाडलं आणि वाटी वाटी रस एकेकीच्या चोचीत ओतला. बघता बघता खुराडं रिकामं झालं.

ती हौसेच्या दारात उभी राहिली. "तुझा पाला खोटा हाय. तुझ्या जगल्या, मग माझ्या का मेल्या?"

हौसेने बोडक्या रोपाकडे पाहिलं.

"आक्का, ह्यो पाला जंतूंना मारत न्हाई. ते थोडे असले की गप असत्यात. एकमेकांला हाका देत्यात, आन् पुरेसे जमले की मिळून तुटून पडत्यात. पाल्यानं त्यांना एकमेकांची हाक ऐकू येत न्हाई. म्हणून दुखणं यायच्या आधी द्यायचा, रोज. डॉक्टर आपल्याच अंगणात सांगत होते."

चंद्रभागेला ती भांडी आठवली. त्याच्याही आधी, सुरुवातीला, मनात अगदी थोडंसं टोचलं होतं. मग एकेक टोचणी दुसरीला हाक देत गेली. तिला स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं.

हौसेला राग आला होता, कारण आता तिच्याही कोंबड्यांना पाला उरला नव्हता. तरी तिने रोपाची उरलेली काडी मोडली. अर्धी आपल्या दारात खोचली, अर्धी चंद्रभागेला दिली. "लावा. तुमची आधी फुटली, तर पानं मला द्या."

चंद्रभागेचीच काडी आधी फुटली. पानं खुडताना तिचा हात क्षणभर अडला. तरी पहिली पानं घेऊन ती हौसेच्या दारात गेली.

तात्पर्य: मत्सर मनात एकटा असतो तेव्हाच त्याला गप्प करावं, त्याचा जमाव झाला, की आधी आपलंच खुराडं रिकामं होतं.