उतार कुणाचा मान राखत नाही

एकदा एका डोंगरउतारावरच्या काजूच्या बागेत एक वृद्ध जाणकार काम करीत असे. लोक त्यांना अप्पा म्हणत. बागेतली ने-आण चार जाड चाकांच्या एका उघड्या गाडीतून चाले. पुढे दोन आसनं, मागे पेट्या ठेवायला हौदा. ती उतारावर चालवण्याची विद्या अप्पांइतकी त्या पंचक्रोशीत कुणाला अवगत नव्हती. पण नऊ वर्षांपूर्वी त्यांचा सतरा वर्षांचा नातू सारंग तशाच गाडीखाली सापडून गेला आणि अप्पांनी शिकवणं सोडलं. "पोरानं घाई केली," असं गाव म्हणे. अप्पा त्यावर काही बोलत नसत.

केतकी नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. वडील अंथरुणाला खिळलेले आणि बागमालकाला चालक हवा होता. ती गाडी शिकायला आली, पण अप्पांनी तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, "चालायची तयारी आहे?"

पहिला महिना तिला गाडी दिसलीसुद्धा नाही. अप्पा तिला उतारावरून चालवत. माती कुठे भुसभुशीत आहे, दगड कुठे सुटा आहे, हे तळपायाने ओळखायला लावत. मग पट्टा आला, हेल्मेट आलं. उतारावर आडवं वळायचं नाही. गाडी कलंडू लागली तरी हात-पाय बाहेर काढायचे नाहीत. हौद्यात माणूस बसवायचा नाही. केतकीने सारं आत्मसात केलं. चौथ्या महिन्यात ती भरल्या पेट्या घेऊन उतरे, तेव्हा एक काजूबीही सांडत नसे.

अप्पांनी ठरवलेल्या परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी होती, शेजारच्या आसनावर फवारणीचा पंप ठेवलेला होता. केतकी पट्टा लावून बसली. तोच अप्पा मागून चढले आणि हौद्यातल्या पेट्यांच्या थप्पीवर जाऊन बसले.

केतकी दचकली. "अप्पा, मागे माणूस बसवायचा नाही ना?"

"गुडघा दुखतोय गं. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत तर जायचंय."

"पण तुम्हीच…"

"मीच सांगतोय ना? चल."

तिने ओठ आवळले आणि गाडी सुरू केली. सपाट अंगणात गाडी दहा पावलं गेली असेल-नसेल, तोच अप्पा ओरडले, "थांबव!" ते खाली उतरले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला अजून गाडी येत नाही," ते म्हणाले.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही सांगितलंत म्हणून चालवली ना मी!"

"सारंगनेही म्हणूनच चालवली होती."

ते जवळच्या दगडावर बसले. 

"गाव म्हणतं, पोरानं घाई केली. त्यानं घाई केली नव्हती. शेजारच्या आसनावर फवारणीचा पंप होता आणि माझा गुडघा दुखत होता. मी पेट्यांवर चढून बसलो. तो तुझ्यासारखाच म्हणाला, आजोबा, मागे बसायचं नाही ना? मी म्हटलं, एवढंसं तर अंतर आहे. वळणावर वरचं वजन कललं आणि गाडी उलटली. मी करवंदीच्या जाळीत फेकला गेलो, मला खरचटलं. तो गाडीखाली राहिला. केतकी, त्याला सगळं येत होतं. आम्ही त्याला वडीलधाऱ्यांचं ऐकायला शिकवलं होतं, तेवढंच नडलं. उतार कुणाचा मान राखत नाही. चाकापाशी जो बसतो, त्याला आजोबालाही खाली उतरवता आलं पाहिजे."

वारा पडला होता. केतकीने हळूच विचारलं, "हे सारंगच्या बाबांना माहीत आहे?"

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. "मी मागून पायी येत होतो, असं सांगितलं सगळ्यांना. वसंतालाही, माझ्या पोटच्या पोरालाही. तूही हे कुणाला सांगू नकोस. एवढं माझं ऐक."

केतकी त्यांच्याकडे पाहत राहिली. चार महिने ज्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं, तेच आज तिला विनवत होते. हो म्हणणं किती सोपं होतं! 

"नाही अप्पा," ती म्हणाली. "हे मी नाही ऐकणार. नऊ वर्षं ते आपल्या पोराला दोष देतायत."

अप्पा रागावले नाहीत. गुडघ्यावर हात रेटून ते उठले आणि वसंताच्या घराची पायवाट उतरू लागले. केतकी काही अंतर ठेवून मागे चालत राहिली. त्यांनी दार वाजवलं, ते आत गेले, दार लागलं.  मग आतून एका मोठ्या माणसाचं रडणं ऐकू आलं. ते बापाचं होतं की लेकाचं, हे तिला कळलं नाही.

कुंपणापाशी उभ्या केतकीला एवढं मात्र उमगलं, की ज्याच्यावर माया असते त्यालाच नाही म्हणणं सर्वांत अवघड, आणि तिथेच ते सर्वांत आधी शिकावं लागतं.