शंभर पावलांपुढचं धुकं

टीव्हीच्या पाठीला भलंमोठं कुबड असायचं, त्या काळातली गोष्ट. व्हिडिओ गेममधल्या एका हरणीला डोंगरापलीकडच्या पाडसाकडे जायचं होतं. पण तिचं जग टीव्हीवर रेखाटणाऱ्या कन्सोलच्या डब्याने शंभर पावलांपुढे नुसतं धुकं पसरलं होतं.

"अरे डबड्या, डोंगर कुठे गेला?" शेजारचा गेमिंग पीसी हसला. "माझ्याकडे बघ, पान न् पान दिसतं!"

"पीसीदादा, एका वेळी एवढंच काढता येतं मला," कन्सोल ओशाळून म्हणाला.

हरणी वैतागली. "मग मी काय इथेच थांबू?"

"नाही ताई, तू चाल! तू पाऊल टाकशील तशी मागची झाडं पुसून मी पुढची काढत जाईन."

तिने धुक्यात पाऊल टाकलं. समोर एक झाड उगवलं, मग पायवाट, मग डोंगर, आणि तो ओलांडताच पलीकडच्या उतारावर कान टवकारून उभं असलेलं पाडस.